करारानंतरचं काम

विद्यापीठांच्या वार्षिक अहवालात एक फोटो हमखास असतो. टेबलावर दोन छोटे झेंडे, दोन बाजूंना दोन कुलगुरू, हातात मखमली फायली, मागे फ्लेक्स. परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात येते. तीन किंवा पाच वर्षांनी कराराची मुदत संपते, आणि तेवढ्या काळात दोन्हीकडच्या किती विद्यार्थ्यांची एकमेकांशी गाठ पडली, हे कुणी विचारत नाही. उच्च शिक्षणातली आंतरराष्ट्रीय भागीदारी हे आज जगभर एक स्वतंत्र कामाचं क्षेत्र आहे. त्यावर पोट असलेली माणसं आहेत, त्यांच्या परिषदा भरतात, त्या विषयात पदव्याही मिळतात. या क्षेत्राचा आढावा घ्यायचा तर तो फोटो बाजूला ठेवून त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम पाहायला हवं. माझं म्हणणं असं की आपल्याकडे या कामाची कार्यालयं झाली, पण पेशा झाला नाही. तो घडवायचा असेल तर सुरुवात आभासी देवाणघेवाणीपासून, म्हणजे दोन देशांतल्या दोन वर्गांनी इंटरनेटवरून एकत्र शिकण्यापासून करावी. तिथे सही करून काम संपत नाही. तिथे बहुतेकदा सहीची गरजही नसते.

या क्षेत्राची मुळं महायुद्धांत आहेत. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन निघाली. माणसं एकमेकांच्या देशात शिकली तर पुन्हा शस्त्र उचलताना विचार करतील, अशी तिच्या संस्थापकांची धारणा होती. १९२५ मध्ये जर्मनीत डाड ही शैक्षणिक देवाणघेवाणीची संस्था सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, अमेरिकेचे सिनेटर फुलब्राइट यांच्या नावाचा कार्यक्रम आला आणि १९५० च्या फेब्रुवारीत भारत त्यात सामील झाला. युरोपात विद्यार्थी देवाणघेवाणीचा इरॅस्मस कार्यक्रम १९८७ साली सुरू झाला तेव्हा पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात गेले. आज तो आकडा कितीतरी लाखांनी मोजला जातो.

या सगळ्यातून एक नोकरी हळूहळू तयार झाली. अमेरिकेतली नाफसा ही संघटना १९४८ ची, आणि ती मुळात परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागारांची संघटना होती. काम काय, तर बोटीतून उतरलेल्या मुलाला खोली मिळवून देणं, व्हिसाचे कागद पाहणं, तो आजारी पडला तर डॉक्टर गाठणं. पुण्यातही जवळपास हेच घडलं. फर्ग्युसन महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी मॉरिशसच्या एका आजारी विद्यार्थ्याला खिडकीतून जेवण पोचवलं जाताना पाहिलं, आणि परदेशी मुलांचे हाल त्यांच्या मनात घर करून बसले. त्यातून १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. म्हणजे सुरुवातीला हे काम माणसांच्या काळजीचं होतं. पैशाचं नंतर झालं. १९८० च्या सुमारास ब्रिटनने आणि त्याच दशकात ऑस्ट्रेलियाने परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण फी घ्यायला सुरुवात केली, आणि सल्लागाराच्या शेजारी विक्री करणारा माणूस येऊन बसला.

तेव्हापासून आंतरराष्ट्रीय कार्यालयात तीन वेगळी कामं एकाच पाटीखाली चालतात : परदेशी विद्यार्थी आणणं, आपले विद्यार्थी पाठवणं, आणि संस्थांमध्ये भागीदारी जुळवणं. या क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा. जाहिरातीत ‘इंटरनॅशनल’ असं लिहिलेल्या पुष्कळ जागा प्रत्यक्षात विद्यार्थी भरतीच्या असतात. मुंबई-पुण्यातल्या कन्सल्टन्सीला विद्यार्थ्याच्या फीमधून कमिशन मिळतं. परदेशी विद्यापीठाच्या भारतातल्या प्रतिनिधीला दर हंगामाचं टार्गेट असतं. ही कामं प्रामाणिकपणे करणारी माणसं आहेत, पण त्या कामाचं यश प्रवेशांच्या आकड्यात मोजतात. भागीदारी जुळवणाऱ्याचं यश दोन संस्थांमधलं शिकवणं किती बदललं यात असतं, आणि ते मोजणं अवघड आहे.

मोजायला सोपं म्हणून आपल्याकडे करार मोजले जातात. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषात सहकार्याचे गुण आहेत आणि त्यासाठी चालू असलेल्या करारांची संख्या द्यावी लागते. चालू असल्याचा पुरावा म्हणून एखादं व्याख्यान, एखादी भेट, त्याचे फोटो. निकष लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण गुण ज्याला मिळतात त्याच कामाला महाविद्यालयं जुंपली जातात, आणि वर्षअखेरीला करारांची जमवाजमव सुरू होते.

कराराच्या आत काय असतं, हेही बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. साधारणपणे आधी एक ढोबळ सामंजस्य करार होतो. त्याने कुणावर काहीच बंधन येत नाही. विद्यार्थी पाठवायचे तर दुसरा, तपशिलाचा करार लागतो. त्यात तत्त्व देवाणघेवाणीचं असतं : विद्यार्थ्याने आपल्या संस्थेत फी भरायची, समोरच्या संस्थेने ती माफ करायची, आणि वर्षाच्या शेवटी दोन्हीकडची संख्या जुळली पाहिजे. आपली खरी अडचण इथे सुरू होते. आपल्याकडून जायला दहा तयार असतात, तिकडून यायला एखादा. दोन वर्षांत हिशेब एकतर्फी होतो आणि समोरची संस्था सौजन्याने जागा कमी करते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये सबंध भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते. २०२३-२४ मध्ये एकट्या अमेरिकेत भारताचे ३,३१,६०२ विद्यार्थी होते. एवढी तफावत असताना बरोबरीची देवाणघेवाण कागदावरच राहते.

आणि फी माफ झाली तरी जाणं परवडतं असं नाही. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, पण वर्षभराच्या विद्यार्थी व्हिसासाठी खात्यात ११,९०४ युरो दाखवावे लागतात. दहा लाखांच्या वर जाणारी ही रक्कम आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून महाराष्ट्र सरकार अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशी पाठवतं. त्या ७५ जणांच्या आयुष्यात ती शिष्यवृत्ती फार मोठी गोष्ट आहे. पण महाराष्ट्रात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी ४५ लाखांहून जास्त आहेत. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न फक्त आपला नाही. सगळ्या जगात मिळून २६ कोटींहून जास्त विद्यार्थी उच्च शिक्षण घेतात आणि त्यातले परदेशात जाणारे ३ टक्केही भरत नाहीत.

हा प्रश्न स्वीडनमध्ये १९९९ च्या सुमारास बेंग्ट निल्सन यांनी फार नेमका मांडला. माल्म्यो विद्यापीठ नुकतंच सुरू झालं होतं, आणि विद्यार्थी पाठवायला त्याच्याकडे परदेशी भागीदारच नव्हते. शहरात मात्र अनेक देशांतून आलेली माणसं राहत होती. मग घरी राहूनच विद्यार्थ्याला जगाची ओळख करून द्यायची, अभ्यासक्रमातच ती आणायची, असं निल्सन यांनी सुचवलं. युरोपातल्या उच्च शिक्षणात ही कल्पना पुढे रुजली. आभासी देवाणघेवाण तिचंच सगळ्यात कामाचं साधन ठरली, जरी तिची स्वतःची परंपरा वेगळी आणि थोडी जुनी आहे.

ती परंपरा शाळांपासून सुरू होते. १९८८ मध्ये, शीतयुद्ध पुरतं निवळलं नव्हतं तेव्हा, न्यूयॉर्क आणि मॉस्कोतल्या शाळा संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला आणि त्यातून आयअर्न ही संस्था वाढली. १९९७ मध्ये एमआयटीत जिल्बेर्त फ्युर्स्टेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कुल्तुरा’ हा उपक्रम सुरू केला. फ्रान्समधल्या आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी त्याच प्रश्नांची उत्तरं लिहायची, शेजारी शेजारी ठेवायची आणि फरक कुठे पडतो ते पाहून चर्चा करायची. त्यात एक फार शहाणपणाचा नियम होता : प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचं. त्यामुळे कुणीच भाषेच्या भीतीने लहान होत नसे. २००३ मध्ये सोलिया ही संस्था आली, तिने अमेरिकेतले आणि अरब-मुस्लिम देशांतले विद्यार्थी छोट्या गटांत, प्रशिक्षित संवादकासह, बोलते केले. आणि २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात जॉन रुबिन यांनी कॉइल, म्हणजे सहयोगी आंतरराष्ट्रीय ऑनलाइन शिक्षणाचं, केंद्र उभारलं. रुबिन चित्रपट शिकवत. बेलारूसहून परतल्यावर त्यांनी दोन देशांतल्या विद्यार्थ्यांनी मिळून छोट्या फिल्म करण्याचा अभ्यासक्रम चालवला होता, आणि त्यातून त्यांना कळलं की गोष्ट तंत्रज्ञानाची नाही, दोन शिक्षकांनी एकत्र बसून अभ्यासक्रम रचण्याची आहे. आज जगभर या कामाला कॉइल म्हणतात ते तिथूनच.

पुढे सरकारं यात आली. लिबियातल्या बेनगाझीत २०१२ साली मारले गेलेले अमेरिकी राजदूत ख्रिस्तोफर स्टीव्हन्स यांच्या स्मरणार्थ २०१५ मध्ये स्टीव्हन्स इनिशिएटिव्ह सुरू झाला. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या कॉइल कार्यक्रमांना निधी दिला. युरोपीय आयोगाने २०१८ ते २०२० या काळात युरोप आणि भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडचे देश जोडणारा प्रयोग चालवला. दक्षिण आफ्रिकेतली पाच आणि युरोपातली पाच विद्यापीठं इकुडू नावाच्या प्रकल्पात एकत्र आली. तिथे प्रश्न नुसता वर्ग जोडण्याचा नव्हता, वसाहतकाळातून आलेला अभ्यासक्रम कसा बदलायचा हाही होता. माझ्या मते आपल्यासाठी या सगळ्यांत सगळ्यात शिकण्याजोगा प्रकल्प तोच आहे.

दूरच्या माणसाशी आधी संवाद आणि मग प्रवास, हे महाराष्ट्राला नवं नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या, पण त्याआधी काही वर्षं न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. त्यांचे पती गोपाळराव यांचं एका मिशनरी मासिकात छापलेलं पत्र वाचून कार्पेंटरबाईंनी स्वतःहून लिहिलं होतं. खाणंपिणं, सण, देव, आजार, सगळं त्या पत्रांतून दोन्हीकडे गेलं, म्हणून बोटीतून उतरताना तिथे परकं वाटू नये असं एक घर आनंदीबाईंची वाट पाहत होतं.

आता हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते जवळून पाहू. समजा, कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाचा पर्यावरणशास्त्राचा तृतीय वर्षाचा वर्ग आणि जर्मनीत डॉर्टमुंडमधला तसाच एक वर्ग जोडायचा आहे. विषय नदी. कोल्हापूरकडे पंचगंगा : शहराचं सांडपाणी, इचलकरंजीचे प्रोसेस कारखाने, साखर कारखान्यांची मळी, उन्हाळ्यात तरंगणारे मेलेले मासे, २०१२ ची इचलकरंजीतली काविळीची साथ. डॉर्टमुंडकडे एम्शर : कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची म्हणून भुयारी गटारं टाकता येईनात, तेव्हा ही नदीच शंभरेक वर्षं उघडं गटार म्हणून वापरली गेली. १९९२ मध्ये तिच्या सुधारणेला हात घातला, ५१ किलोमीटरची सांडपाण्याची भुयारी वाहिनी टाकली, सुमारे ५५० कोटी युरो खर्च केले आणि २०२१ च्या अखेरीस नदीत सांडपाणी जाणं थांबलं. दोन्ही वर्गांना एकमेकांकडून घेण्यासारखं आहे. जर्मन मुलांनी नदी बरी होताना पाहिली. पुरती मेलेली ती त्यांच्या आजोबांनी पाहिली. आपल्या मुलांनी बरी झालेली नदी पाहिलेली नाही.

विषय ठरायला पंधरा मिनिटं लागतात. वेळापत्रकाला तीन महिने. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, उन्हाळी सत्राची एप्रिल ते जुलै. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परीक्षा आणि दिवाळी, एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षा, मे महिन्यात कॉलेज ओस. डिसेंबरच्या शेवटी त्यांचा नाताळ. सगळं वजा करत गेलं की हातात राहतात जानेवारीचे चार आणि फेब्रुवारीचा एक, असे पाच आठवडे. त्यात बसेल एवढाच अभ्यासक्रम करायचा. वेळेचा प्रश्न त्या मानाने हलका : हिवाळ्यात डॉर्टमुंडचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे अडीच. अमेरिकेबरोबर हे इतकं सोपं नसतं. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यातल्या सकाळच्या आठला इकडे संध्याकाळचे साडेसहा होतात, आणि तालुक्याच्या गावातून येणाऱ्या मुलीची शेवटची एसटी तोवर निघून गेलेली असते. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपातली मार्चच्या शेवटच्या रविवारी, आपली कधीच नाही. हे ज्याच्या लक्षात राहत नाही त्याचा अर्धा वर्ग मार्चमध्ये रिकाम्या पडद्यासमोर बसतो.

पहिल्या आठवड्यात मुलं लिहून किंवा दोन मिनिटांचा व्हिडिओ करून ओळख करून देतात. दुसऱ्यात आपापल्या नदीकाठी जातात, फोटो आणि नोंदी आणतात. तिसऱ्यात पाण्याच्या तपासणीचे आकडे समोरासमोर ठेवतात. चौथ्यात चार-चार जणांचे मिश्र गट मिळून एक टिपण तयार करतात, पाचव्यात सगळे पडद्यावर एकत्र येऊन ते मांडतात. ऐकायला सरळ आहे. पण जर्मन विद्यार्थी ईमेल पाठवून उत्तराची वाट पाहतो. आपला विद्यार्थी मेल उघडत नाही, त्याचं सगळं व्हॉट्सअॅपवर. जर्मन मुलाला अनोळखी गटात आपला फोन नंबर द्यायचा नसतो. इकडे एका मोबाइलवर रोजचा दीड जीबी डेटा, त्यामुळे कॅमेरा बंद; तिकडे त्याचा अर्थ लागतो की मुलगी अलिप्त आहे. आपला मुलगा इंग्रजी चुकेल म्हणून गप्प बसतो, आणि समोरचा समजतो याला काही म्हणायचं नाही. शिवाय डॉर्टमुंडच्या विद्यार्थ्याला या कामाचे गुण आहेत आणि कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला नुसतं प्रमाणपत्र, असं असलं तर तिसऱ्या आठवड्यात कोल्हापूरचा गट विरळ होऊ लागतो.

रॉबर्ट ओ’डाउड आणि मार्कुस रिटर यांनी २००६ मध्ये अशाच फसलेल्या संवादांचा अभ्यास केला होता. बिघाड एका पातळीवर नसतो : कधी विद्यार्थ्यात, कधी दोन शिक्षकांच्या नात्यात, कधी कामाच्या रचनेत, कधी संस्थेच्या नियमांत, असं त्यांनी दाखवलं. नुसती भेट घालून दिली की समज वाढते हा भ्रम आहे. नीट आखलं नाही तर आधीचे ग्रह पक्केही होतात. म्हणून तर या कामाला माणूस लागतो. दोन शिक्षकांमध्ये उभा राहणारा, दोन्ही वेळापत्रकं जाणणारा, तिसऱ्या आठवड्यात गट का गप्प झाला हे ओळखणारा.

महामारीच्या वर्षात याची आपल्याकडे फार गल्लत झाली. २०२० मध्ये महाविद्यालयांनी आंतरराष्ट्रीय वेबिनारांचा सपाटा लावला. परदेशातल्या ओळखीच्या प्राध्यापकाचं तासाभराचं व्याख्यान, शेवटी गुगल फॉर्म, दुसऱ्या दिवशी इनबॉक्समध्ये ई-प्रमाणपत्र. त्या कठीण काळात काहीतरी चालू ठेवण्याची धडपड म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यात श्रोते होते, सहाध्यायी नव्हते, आणि सहाध्यायी हाच आभासी देवाणघेवाणीचा जीव आहे.

नियमांच्या बाजूने पाहिलं तर २०२० ते २०२५ ही वर्षं फार हालचालीची होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आंतरराष्ट्रीयीकरणाला जागा दिली. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक संस्थेत आंतरराष्ट्रीय कामकाजाचं कार्यालय असावं अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२२ च्या विनियमांनी ट्विनिंग, संयुक्त आणि दुहेरी पदवीचा रस्ता खुला केला : नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात स्थान असलेली भारतीय संस्था, जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असलेल्या संस्थेशी आयोगाची वेगळी परवानगी न घेता असा कार्यक्रम करू शकते. २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात आवार उघडण्याचे विनियम आले. २०२५ च्या जूनमध्ये अॅबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतली आयईडी या पाच संस्थांना मुंबई परिसरातल्या आवारांसाठी इरादापत्रं देण्यात आली.

यातून नोकऱ्या निर्माण होतील, हे खरं. पण हे सगळे दरवाजे वरच्या मजल्यावर उघडतात. ३.०१ ची अट ज्यांना गाठता येत नाही अशी जिल्ह्याजिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं तिथवर पोचत नाहीत, आणि २०२२ चे विनियम ऑनलाइन व दूरस्थ कार्यक्रमांना लागूच होत नाहीत. आभासी देवाणघेवाण मात्र पदवीचा कार्यक्रम नाही. ती आपल्याच शिक्षकाच्या, आपल्याच विषयाच्या तासात बसते. गुण अंतर्गत मूल्यमापनातून देता येतात. नव्या धोरणानुसार आता पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. पंचगंगेचं वरचं काम त्यात सहज मावतं. अभ्यास मंडळाने एक ओळ घातली तर पुरे. एवढा मोकळा रस्ता असताना फार थोडी महाविद्यालयं त्यावरून गेली याचं कारण नियम नाहीत, माणसं नाहीत.

आपल्या बहुतेक सरकारी आणि अनुदानित संस्थांत आंतरराष्ट्रीय कार्यालय म्हणजे एखाद्या प्राध्यापकाकडे दिलेला अतिरिक्त कार्यभार. तो माणूस मन लावून काम करतो, दोन वर्षांत चार ओळखी जोडतो, तोवर कार्यभार दुसऱ्याकडे जातो. ओळखी त्याच्या वैयक्तिक ईमेलमध्ये राहतात. समोरच्या विद्यापीठातली बाई मात्र पंधरा वर्षं त्याच खुर्चीत असते. तिला दर दोन वर्षांनी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, आणि एक दिवस ती सांगणं सोडते. खासगी विद्यापीठांनी या जागा भरल्या आहेत, चांगली तरुण माणसं घेतली आहेत, पण तिथे बहुधा कंत्राट असतं आणि कामाचा भर पुन्हा भरतीवर किंवा करारांच्या संख्येवर.

या पेशात येऊ पाहणाऱ्याने शिकावं कुठे? बॉस्टन कॉलेजमध्ये फिलिप आल्टबाख यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या केंद्रात आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षणाची पदव्युत्तर पदवी मिळते. इरॅस्मस मुंडसच्या शिष्यवृत्तीवर उच्च शिक्षण व्यवस्थापनाचे युरोपातले अभ्यासक्रमही करता येतात, आणि मुंडस मिळवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी बऱ्याच वर्षांपासून पुढे आहेत. आपल्याकडे माणसं या कामात आडवाटेने येतात, आणि मला त्यात वावगं दिसत नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, मॅक्सम्युलर भवनात, आलियाँस फ्राँसेजमध्ये परभाषा शिकणाऱ्या मुलामुलींची मोठी परंपरा आहे. त्यातली पुष्कळ जणं आयटी कंपन्यांत भाषांतराकडे जातात. परभाषा शिकताना दुसऱ्या माणसाच्या जागी उभं राहण्याची जी सवय लागते, ती या कामाचं भांडवल आहे. पण एकट्या भाषेवर भागत नाही. वर्गात शिकवल्याचा अनुभव असला पाहिजे. अभ्यासक्रम, श्रेयांक, परीक्षा विभाग, सिनेट यांची भाषा कळली पाहिजे. करारातलं कलम वाचता आलं पाहिजे. आणि कुलगुरूंच्या दालनात एक, कॉम्प्युटर लॅबच्या मदतनिसाशी दुसरं, असं न वागता दोघांकडून काम करून घेता आलं पाहिजे, कारण ऐन वेळी माइक चालला नाही तर दुसराच उपयोगी पडतो.

या नोकरीत असुरक्षितता आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. हे क्षेत्र सरकारांच्या मर्जीवर फार अवलंबून आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांचा निधी काही काळ रोखला आणि तिथल्या संस्थांनी माणसं कमी केली. त्याच वर्षी जूनमध्ये फुलब्राइट मंडळाच्या जवळजवळ सगळ्या सदस्यांनी राजकीय हस्तक्षेपाच्या कारणावरून राजीनामे दिले. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन इरॅस्मसमधून बाहेर पडलं तेव्हाही वर्षानुवर्षं जुळवलेल्या भागीदाऱ्या तुटल्या. ज्या भागीदाऱ्या टिकल्या त्या साधारणपणे दोन शिक्षकांच्या ओळखीवर उभ्या होत्या, निधीवर नाही.

आभासी देवाणघेवाणीवरचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. श्रीमंतांची मुलं विमानाने जातील आणि गरिबांच्या मुलांना पडदा दाखवतील, अशी वाटणी यातून होईल का? होऊ शकते. संस्थाचालकांना खर्च वाचवायला हे सोयीचं निमित्त आहे, आणि व्हिसा नाकारणाऱ्या देशांनाही. परदेशात राहून जे मिळतं, एकटेपणा, स्वतःचं जेवण, परक्या भाषेत घरमालकाशी भांडण, ते पडद्यावर मिळत नाही. म्हणून शिष्यवृत्त्यांची मागणी एका पैशानेही कमी होता कामा नये. पण ४५ लाखांतल्या बहुसंख्यांसमोर आज पडदा की विमान असा पर्यायच नाही. आज त्यांच्यासमोर काहीच नाही.

दुसरा आक्षेप सत्तेचा. विषय कोण ठरवतं, भाषा कुणाची, निधी कुणाचा? बहुतेक वेळा समोरच्याचा. मग आपला वर्ग त्यांच्या अभ्यासाचा नमुना होऊन बसतो. त्यावर उपाय आहेत आणि ते करून पाहिलेले आहेत. अभ्यासक्रम दोघांनी मिळून लिहायचा, हा कॉइलचा पाया आहे. कुल्तुराने दाखवल्याप्रमाणे प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहायला काय हरकत आहे? कोल्हापूरच्या मुलीने पंचगंगेवरचं टिपण आधी मराठीत लिहावं, गटाने मिळून त्याचं इंग्रजी करावं. आता त्याला मदत करणारी साधनंही फोनवर आहेत. मराठीत लिहिताना ती नदीबद्दल जे सांगेल ते इंग्रजीत थेट लिहिताना सांगणार नाही. आणि भागीदार फक्त जर्मनी-अमेरिकेतच शोधायचे असं कुठे आहे? ब्राझीलमधल्या विद्यापीठांनी या पद्धतीचं मोठं जाळं विणलं आहे, डर्बनमध्ये वर्षानुवर्षं काम झालं आहे. ऊस, साखर कारखाने आणि नदी यांचा प्रश्न साओ पाउलो राज्यातल्या वर्गाला समजावून सांगावा लागणार नाही.

हे होण्यासाठी लागणारं काम मोठ्या खर्चाचं नाही, पण ते कुणाच्या तरी तासांत लिहिलेलं असायला हवं. जानेवारीत वर्ग जोडायचा तर जोडीदार शिक्षकाचा शोध जूनमध्ये सुरू होतो. ऑगस्टपर्यंत दोघांचं विषयावर एकमत, गणपतीनंतर अभ्यासक्रमाचा मसुदा, दिवाळीनंतर तांत्रिक चाचणी, डिसेंबरात विद्यार्थ्यांची तयारी. आज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं, आणि हे सगळं त्या सोळा तासांच्या बाहेर, घरी जाऊन, रात्री करावं लागतं. पदोन्नतीच्या गुणांत ‘मूक’, म्हणजे खुले ऑनलाइन अभ्यासक्रम बनवण्याला जागा आहे, परदेशी वर्गाबरोबर पाच आठवडे शिकवण्याला नाही. राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठात या कामाचा एक कायम समन्वयक, जो त्या क्षेत्रातल्या वीस-पंचवीस महाविद्यालयांना जोडीदार शोधून देईल, आणि वर्ग चालवणाऱ्या शिक्षकाला त्या सत्रात सोळातले दोन तास मोकळे, एवढी मागणी प्राध्यापकांच्या संघटनांनी आणि अधिसभेतल्या सदस्यांनी लावून धरावी.